रक्त : निषेधापासून दानापर्यंत
(सुवर्णमहोत्सव समारंभातील व्याख्यान)

 

सुवर्णमहोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत सकाळी स्नात्रपूजा आणि दुपारी धर्मशाळेच्या सभागृहात रक्तदान शिबिर अशी योजना आहे. ती जाहीर झाली तेव्हा एका वयोवृद्ध श्रावकांनी मला थांबवून विचारले, "जवळपास रक्त सांडले तर आपण स्वाध्याय थांबवतो. मग आपल्याच आवारात रक्ताच्या पिशव्या भरायच्या?" त्यांच्या स्वरात राग नव्हता, खरीखुरी व्यथा होती. म्हणून त्यांच्या शंकेलाच मी आजचा विषय मानले आहे.

त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. स्थानांगसूत्रात अस्वाध्यायाची कारणे सांगताना अस्थी आणि मांस यांच्याबरोबर रक्ताचाही उल्लेख येतो. बारा भावनांतील अशुचि भावनाही या देहाकडे रक्तमांसाची पिशवी म्हणून पाहायला शिकवते. देहाची आसक्ती सुटावी, हा तिचा हेतू. परंतु या निषेधामागे आणखी एक जाणीव आहे, असे मला वाटते. ज्या काळात यज्ञवेदी आणि देवीची मंदिरे पशूंच्या रक्ताने भिजत होती, त्या काळात आपल्या आचार्यांनी रक्त आणि आराधना यांच्यामध्ये एक स्पष्ट रेषा आखली.

ही रेषा किती सूक्ष्म आहे, हे यशोधर राजाच्या कथेवरून समजते. सोमदेवसूरींनी इ. स. ९५९ मध्ये, राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या राजवटीत, 'यशस्तिलक' पूर्ण केले. पुष्पदंतांनी हीच कथा अपभ्रंशात सांगितली, तर जन्न कवीने १२०९ मध्ये कन्नडमध्ये. उज्जयिनीचा राजा यशोधर आपल्याला दुःस्वप्न पडल्याचे सांगतो. त्याची माता चंद्रमती देवीला बळी देण्याचा आग्रह धरते. राजा जीवहत्येस नकार देतो. पण आईच्या शब्दाखातर पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी देण्यास तयार होतो. तेथे रक्ताचा एक थेंबही सांडला नाही. तरीही त्या एका कृत्यामुळे मायलेकांना मोर, श्वान अशा पशुयोनींत जन्मोजन्मी भटकावे लागले. शस्त्र उचलताना मनात मारण्याचा संकल्प होता, तेवढा कर्मबंधाला पुरला. उमास्वातींनीही हिंसेची व्याख्या करताना प्राणघाताच्या आधी प्रमादाला स्थान दिले आहे, ते याच कारणाने.

आपल्या अनेक घरांत आजही भाजी 'कापा' असे म्हणत नाहीत, 'सुधारा' म्हणतात. लहानपणी आम्हाला याचे हसू येई. यशोधराची कथा वाचल्यावर त्यामागची काळजी उमगली.

महाराष्ट्रात नवरात्रात कित्येक ठिकाणी पशूऐवजी कोहळा कापून त्यावर कुंकू वाहतात. जीव वाचतो, हे पाऊल मोठेच आहे आणि त्याला कमी लेखू नये. राजस्थानातील ओसियाँ येथील परंपरा याच्याही पुढे जाते. रत्नप्रभसूरींच्या उपदेशाने चामुंडा देवीने रक्ताचा नैवेद्य सोडला आणि ती सच्चियाय माता झाली, असे तेथे मानतात. त्या परंपरेत बळीचे प्रतीकसुद्धा उरले नाही; नैवेद्यच गोड झाला.

आता याची दुसरी बाजू पाहू. तीर्थंकरांच्या अतिशयांत त्यांचे रक्त दुधासारखे शुभ्र असल्याचे श्वेतांबर आणि दिगंबर या दोन्ही परंपरा सांगतात. चंडकौशिकाने भगवान महावीरांच्या चरणी दंश केला तेव्हा दुधासारखी धार वाहिली, ही कथा तर आपण पर्युषणात दरवर्षी ऐकतो. बाळाविषयीच्या वात्सल्याने मातेच्या ठायी दूध येते. भगवंतांचे वात्सल्य जीवमात्राविषयी होते, असा तिचा भावार्थ आपले गुरुजन सांगतात. ज्या धर्माने रक्त वर्ज्य मानले, त्याच धर्माने आपल्या परम आराध्याच्या रक्तात करुणा पाहिली.

त्या वयोवृद्ध श्रावकांना माझे उत्तर येथून सुरू होते. बळीत दुसऱ्याचे रक्त स्वतःच्या कल्याणासाठी, त्याच्या इच्छेविरुद्ध घेतले जाते. रक्तदानात दाता स्वतःचे रक्त स्वेच्छेने देतो, तेही ज्याचे नाव त्याला कधी कळणार नाही अशा जीवासाठी. सामान्यतः ३५० मिलिलिटर रक्त घेतात आणि निरोगी शरीर ते भरून काढते. थॅलेसेमियाच्या बालकाला मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी दुसऱ्याच्या रक्तावर जगावे लागते. जीवांनी परस्परांना उपकारक व्हावे, या शिकवणीचे याहून प्रत्यक्ष उदाहरण मला सुचत नाही. तसेच सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून आपल्या देशात पैसे घेऊन रक्त देण्याची प्रथा बंद करण्यात आली. त्यामुळे रक्त देणे हे आता खऱ्या अर्थाने दान आहे.

तरीही त्यांच्या शंकेतील एक अंश मी शिरोधार्य मानतो. स्वाध्यायाची मर्यादा पाळलीच पाहिजे. म्हणून शिबिर मंदिर आणि उपाश्रयापासून दूर, धर्मशाळेत ठेवावे आणि त्या वेळेत तेथे शास्त्रवाचन नसावे. तेवढ्याने मर्यादा राखली जाते आणि सेवाही घडते.

विश्वस्तांना एक नम्र सूचना करून थांबतो. संपूर्ण रक्त साधारण ३५ दिवस टिकते, त्यातील प्लेटलेट्स अवघे पाच दिवस. एकाच दिवशी विक्रमासाठी शेकडो पिशव्या गोळा केल्या आणि त्या वेळेत वापरल्या गेल्या नाहीत, तर दात्याने विश्वासाने दिलेले रक्त टाकून द्यावे लागते. पिशव्यांचा आकडा फलकावर झळकावा, या इच्छेतही प्रमादच आहे. रक्तपेढीला गरज विचारावी, महोत्सवी दिवशी तेवढेच रक्त घ्यावे आणि उरलेल्या दात्यांची नावे नोंदवून वर्षभर, विशेषतः सुट्ट्यांमुळे दाते कमी मिळतात त्या उन्हाळ्यात, त्यांना क्रमाने बोलवावे. पन्नास वर्षे अन्नदान आणि औषधदान अखंड चालवणाऱ्या संस्थेला अशी एक वही ठेवणे कठीण नाही.

तो प्रश्न विचारणाऱ्या श्रावकांचे वय आता रक्त देण्याचे राहिलेले नाही. त्या वहीचे पहिले पान त्यांच्याच हस्ते लिहिले जावे, अशी माझी विनंती आहे. शंका त्यांनी विचारली म्हणूनच आपल्याला ही वाट सापडली.

जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास त्रिविधे मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.