आयिया नापा: चार दिवसांची सुट्टी आणि कुंपणापलीकडचा किनारा

आजचा एपिसोड छोटासा आहे, सुट्टीचा आहे. पण मध्येच थोडा वेगळ्या वाटेला लागेल, तेव्हा शेवटपर्यंत थांबा.

मी कामासाठी जर्मनीत असते, हे तुम्हाला माहीत आहेच. ऑक्टोबरमध्ये इथे थंडी सुरू झाली आणि मी आणि माझी रूममेट चार दिवसांसाठी सायप्रसला पळालो. गाव, आयिया नापा. नकाशात बघा, बेटाच्या पार आग्नेय टोकाला आहे.

पहिले दोन दिवस काय केलं? काहीच नाही! निस्सी बीचवर लोळत पडलो. ग्रीकमध्ये 'निस्सी' म्हणजे बेट. समोर खरंच एक चिमुकलं बेट आहे आणि मधलं पाणी इतकं उथळ की चालत जाता येतं. पांढरी वाळू, तळ दिसणारं पाणी. संध्याकाळी निखाऱ्यावर भाजलेलं हालुमी चीज. आपल्या पनीरचं खारट भावंडच म्हणा ना! आणि हो, कामाची गोष्ट: इथे 1878 ते 1960 ब्रिटिशांचं राज्य होतं. त्यामुळे गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, पण प्लग मात्र इंग्लंडसारखे, तीन चौकोनी पिनांचे. अडॅप्टर न्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या घरमालकीणबाईंना सहज विचारलं, "गावात तो व्हेनिशियन काळातला मठ सोडला, तर जुनं फारसं काहीच कसं दिसत नाही?" बाई सत्तरीच्या आसपासच्या. म्हणाल्या, "1974 पर्यंत हे कोळ्यांचं नि शेतकऱ्यांचं खेडं होतं. हॉटेलं तिकडे होती," आणि त्यांनी उत्तरेकडे हात केला.

तिकडे म्हणजे वारोशा. फामागुस्ता शहराचा समुद्राकाठचा भाग. तेव्हा सायप्रसचं पर्यटन म्हणजे मुख्यतः तेच. ओळीने उंच हॉटेलं, समोर सोनेरी वाळू.

मग जुलै 1974. ग्रीसमधल्या लष्करी राजवटीच्या पाठिंब्याने सायप्रसमध्ये बंड झालं आणि पाच दिवसांनी, 20 जुलैला, तुर्कस्तानचं सैन्य बेटावर उतरलं. ऑगस्टच्या मध्यात ते फामागुस्तापर्यंत आलं. वारोशातले लोक हातात येईल ते घेऊन पळाले. सैन्याने तो सगळा भाग कुंपण घालून बंद केला. बेटाचे दोन भाग झाले. उत्तरेतले ग्रीक सायप्रिओट दक्षिणेला आले, दक्षिणेतले तुर्की सायप्रिओट उत्तरेला गेले. घरं दोन्हीकडची सुटली. तेव्हा तिथल्या युएन शांतिसेनेचे प्रमुख एक भारतीय होते, जनरल दिवाण प्रेम चंद. हे मला तिथे गेल्यावर कळलं, शाळेत कधी ऐकलं नव्हतं.

आता पर्यटक येणार कुठे? मग आयिया नापा वाढलं. राजधानी निकोसियाचा विमानतळही बंद पडला होता, म्हणून लार्नाकाचा उभा राहिला. म्हणजे बघा, आम्ही ज्या विमानतळावर उतरलो आणि ज्या वाळूवर पडलो, ते दोन्ही त्या एका उन्हाळ्यामुळे.

बाई वारोशाच्याच. तेव्हा कॉलेजला जायच्या वयाच्या. "दोन दिवसांत परत येऊ असं वाटलं होतं. दोरीवरचे कपडेसुद्धा काढले नाहीत," म्हणाल्या.

इथे मला खरं सांगायला हवं. आमच्या प्लॅनमध्ये वारोशा होतं! ऑक्टोबर 2020 पासून तिथले काही रस्ते आणि किनाऱ्याचा भाग फिरायला खुला आहे. घरांत जाता येत नाही. रूममेटने रीलसाठी जागासुद्धा हेरून ठेवल्या होत्या. मी बाईंना विचारलं, "तुम्ही जाऊन आलात?" त्या म्हणाल्या, "नाही. माझ्याच गल्लीत जायला मी पासपोर्ट दाखवू?"

आम्ही दोघी गप्प. मग ठरवलं, पलीकडे जायचं नाही. जे जातात ते चुकतात असं मी म्हणत नाही. त्यांच्या ओळखीचे कितीतरी जण घर बाहेरून तरी बघून आलेत. पण ज्या बाईंच्या हातचा नाश्ता केला, त्यांच्या गल्लीत जाऊन रील काढायचा? आम्हाला काही ते जमेना.

दुपारी बसने डेरिनियाला गेलो, दहा-बारा किलोमीटरवर. तिथून दुर्बिणीतून वारोशा दिसतं. रिकाम्या हॉटेलांची रांग, काचा नसलेल्या खिडक्या. आणि मागे समुद्र, अगदी निस्सीसारखाच निळा.

संध्याकाळी बाईंनी विचारलं, "दिसलं?" आम्ही हो म्हणालो. त्या टेबल पुसत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "आमच्याकडचं पाणी इथल्यापेक्षा छान आहे."

'होतं' नाही म्हणाल्या. 'आहे' म्हणाल्या.

चला, आज इतकंच. पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. काळजी घ्या!