श्रद्धा, संयम व आधुनिक संस्कृति

(सांडोर धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्युबिलीचा दिवस हा आनंदाचा दिवस. तेव्हां अशा प्रसंगीं संयमाविषयीं बोलणें कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. लग्नमंडपांत उपवासाची महती सांगण्यासारखाच हा प्रकार, असेंही कोणी म्हणेल. परंतु ज्युबिलीचा विधि ज्या ग्रंथांत प्रथम सांगितला आहे, तो जुन्या करारांतील लेवीय ग्रंथ उघडून पाहिला म्हणजे ही शंका फिटते. दर सातव्या वर्षीं इस्राएल लोकांनीं शेत पेरूं नये, द्राक्षमळा छाटूं नये, भूमीस विसावा द्यावा. अशीं सात सप्तकें झालीं कीं मेंढ्याच्या शिंगाचा नाद करून पन्नासावें वर्ष पवित्र मानावें. त्या वर्षीं विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी आणि दास झालेल्या बांधवानें मोकळें होऊन आपल्या घरीं जावें. ह्याचें कारणही तेथेंच दिलें आहे: भूमि परमेश्वराची, आपण तिजवरील पाहुणे. म्हणजे रोषणाई व जेवणावळ हा ज्युबिलीचा गाभा नव्हे. अधिकार असतां हात आवरणें, हा तिचा गाभा होय. इ. स. १३०० मध्यें आठवे बोनिफास ह्या पोपमहोदयांनीं पवित्र वर्षाची प्रथा सुरू केली. २०२५ सालचें पवित्र वर्षही त्याच परंपरेंतलें.

आतां संयम म्हणजे काय, हें नीट पाहूं. विवेक, न्याय, धैर्य व संयम हे चार मुख्य नैतिक सद्गुण होत, असें पवित्र सभा शिकवीत आली आहे. ह्यांतील संयम म्हणजे सुखाचा द्वेष नव्हे. प्रभु येशूनें काना गांवच्या लग्नांत पाण्याचा द्राक्षारस केला, हें आम्ही विसरत नाहीं. देवानें निर्माण केलेली वस्तु वाईट नाहीं. वस्तु आमच्या उपयोगास असावी, आम्हीं वस्तूच्या चाकरीस लागूं नये, एवढेंच संयम सांगतो. संत पौलानें करिंथकरांस लिहितांना शर्यतींत धांवणाऱ्या गड्याचें उदाहरण दिलें आहे. तो गडी नाशवंत मुकुटासाठीं खाण्यापिण्यांत नियम पाळतो. मग अविनाशी मुकुटासाठीं आम्हीं किती पाळावा?

ह्या गोष्टीचा दृष्टान्त शोधावयास आम्हां वसईकरांनीं दूर जावयास नको. आमच्या वाड्यांतून पूर्वीं रहाट चालत. बैल अथवा रेडा जुंपावा, गाडग्यांची माळ खालीं जावी, भरून वर यावी, आणि केळीच्या व पानवेलीच्या पाटांत पाणी झुळझुळ वाहावें. रहाट जितकें देई तितकेंच शिंपण होई. जनावर थकलें कीं विहिरीसही विश्रांति मिळे. समुद्रकांठच्या भूमींत गोडें पाणी वजनानें हलकें म्हणून वर तरंगतें व खारें पाणी त्याच्या खालीं दबून असतें. उपसा मर्यादेंत असेल तोंवर हा तोल टिकतो. पुढें पंप आले. बटन दाबतांच हवें तितकें पाणी मिळूं लागलें. घराची गरज संपली तरी उपसा संपेना. टँकर भरून पाणी विकण्याचा व्यापारही ह्या तालुक्यानें पाहिला. जेथें गोड्या पाण्याचा थर असा उपसून काढला जातो, तेथें खालचें खारें पाणी वर चढतें. आणि एकदां विहीर मचूळ झाली म्हणजे एका पावसाळ्यानें ती पुन्हा गोडी होत नाहीं. पंप पापी नव्हे. केव्हां थांबावें हें ज्ञान त्याच्या ठायीं नाहीं, इतकेंच. तें ज्ञान चालविणाऱ्याकडे असावें लागतें.

मनुष्याचें अंतःकरणही अशीच एक विहीर आहे. इच्छा पुरविण्याचीं साधनें पूर्वीं रहाटासारखीं होतीं. आज तीं पंपासारखीं झालीं आहेत. आधुनिक संस्कृतीची निंदा करण्यासाठीं आम्ही उभे नाहीं. तिनें आम्हांस शिक्षण दिलें, औषधें दिलीं, मुंबईस नेणारी आगगाडी दिली; अंथरुणास खिळलेल्या वृद्धेस घरबसल्या मिस्सा पाहतां येते, ही तिचीच देणगी. परंतु तिच्या बाजारपेठेचा एक नियम ओळखून असावें: तृप्त मनुष्य तिच्या कामाचा नाहीं. म्हणून ती भूक भागविण्यापेक्षां भूक वाढविण्यांत अधिक चतुर आहे. हातांतील मोबाईल फोन हें तिचें सर्वांत लहान व सर्वांत बळकट यंत्र. एक चित्र संपतें न संपतें तोंच दुसरें पुढें येतें. थांबण्याची जागाच ठेवलेली नसते. घरीं जपमाळेस बसलेल्या पांच माणसांपैकीं तिघांचें लक्ष त्या काचेकडे असेल, तर त्या घरांत प्रार्थना झाली असें कोणत्या तोंडानें म्हणावें?

येथें कोणी विचारील, 'पवित्र सभेनें स्वतःच उपवासाचे नियम सैल केले. मग आम्हांस कडक उपदेश कां?' प्रश्न रास्त आहे. एके काळीं ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्यास मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही वर्ज्य असे. बारावे पायस ह्यांनीं १९५३ सालीं पाण्याची मोकळीक दिली, १९५७ सालीं अन्नासाठीं तीन तासांची मर्यादा ठरविली. सहावे पॉल ह्यांनीं १९६४ सालीं ती एका तासावर आणली. १९६६ सालीं प्रायश्चित्ताच्या नियमांचीही फेररचना झाली. आज सक्तीचा उपवास राखेचा बुधवार व शुभ शुक्रवार ह्या दोनच दिवशीं आहे. परंतु १९६६ च्या त्या आज्ञापत्रांत प्रायश्चित्त रद्द केलेलें नाहीं. उलट तें दैवी नियमानेंच प्रत्येकास बंधनकारक आहे असें सांगून प्रार्थना, उपवास व दानधर्म ह्यांकडे श्रद्धावंतांस वळविलें आहे. बाप वाढत्या मुलाचा हात सोडतो, तो त्यानें पडावें म्हणून नव्हे, स्वतःच्या पायांवर चालावें म्हणून. कायद्याचें ओझें हलकें झालें, तें विवेकबुद्धीच्या खांद्यावर आलें. आम्हीं तें उचललें काय, हाच ज्युबिलीचा प्रश्न आहे.

तें उचललेल्या एका पुरुषाचें नांव आम्हांस लहानपणापासून ठाऊक आहे. संत गोन्सालो गार्सिया हे १५५७ च्या सुमारास वसईंत जन्मले. त्यांनीं पूर्वेकडील बंदरांतून व्यापार केला आणि त्यांत त्यांची भरभराट झाली. पैसा कसा मिळवावा हें जाणणाऱ्या ह्या तरुणानें तो पुरे कधीं म्हणावा हेंही जाणलें. व्यापार सोडून मनिला येथें ते फ्रान्सिस्कन संघांत साधे बंधु म्हणून दाखल झाले. १५९३ सालीं ते दुभाषी म्हणून जपानांत गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें सव्वीस हुतात्म्यांपैकीं एक होऊन क्रुसावर मरण पावले. १८६२ सालीं नववे पायस ह्यांनीं त्यांस संतपद दिलें. क्रुसावरील त्यांचें धैर्य आम्ही वाखाणतों. परंतु भरल्या दुकानास पाठ दाखविण्याचें बळ त्याआधींच त्यांच्या अंगीं आलें होतें. जो मोठ्या घडीला टिकला, तो लहान घडीला आधींच जिंकलेला होता.

तरुण मंडळी म्हणतात कीं मन मारणें म्हणजे संयम, आणि तो आरोग्यास घातक. मन मारण्यास आम्हीही सांगत नाहीं. पाटास बांध नसेल तर पाणी मोकळें होतें खरें, परंतु केळीच्या बुंध्याशीं पोंचत नाहीं. उलट, श्रद्धेवांचून केलेला संयमही धोक्याचा; तो गर्विष्ठ व तुसडा होतो, दुसऱ्याचें ताट मोजीत बसतो. ह्या मंदिराचे आश्रयदाते प्रेषित संत थॉमस ह्यांनीं जखमा पाहिल्यावांचून विश्वास ठेवणार नाहीं, असें म्हटलें होतें. प्रभूनें त्यांस धिक्कारिलें नाहीं, जखमा दाखविल्या. आजचें जगही आमच्या शब्दांवर विश्वास ठेवणार नाहीं. तें आमच्या त्यागाची खूण मागेल.

म्हणून ज्युबिलीची कांहीं खूण राहावी, अशी आमची नम्र सूचना आहे. लग्नांत वा नामकरणांत मद्य वाटल्यावांचून पाहुणचार होत नाहीं, ही समजूत आम्हीं सोडावी. ज्या घरांत दारूनें चूल विझली आहे, त्या घरची स्त्री आमच्याच पंगतीस बसलेली असते. ऋण काढून मांडव सजवूं नये. तें ऋण मागाहून पुष्कळदां वाडीच्या तुकड्यानें फिटतें, आणि ती भूमि परत देणारी ज्युबिली आज कोणत्याही कायद्यांत नाहीं. संध्याकाळच्या जपमाळेच्या वेळीं घरांतील सर्व फोन, वडीलधाऱ्यांचे आधीं, एका टोपलींत ठेवावे. आणि अशा रीतीनें जें वांचेल तें तिजोरींत न टाकतां शेजारच्या आजाऱ्याच्या औषधास व गरजू मुलाच्या शिक्षणास द्यावें. कारण उपवासाचें अन्न भुकेल्याच्या ताटांत गेलें नाहीं, तर ती केवळ काटकसर होय.

वाडवडिलांनीं भरल्या विहिरी आमच्या हवालीं केल्या. वाडींतल्याही व अंतःकरणांतल्याही. त्यांचें पाणी आमच्या मुलांनीं चाखावें तेव्हां तें गोडेंच लागावें, एवढी कृपा प्रभु येशू आपली धन्य माता मरिया व संत थॉमस ह्यांच्या मध्यस्थीनें आम्हां सर्वांवर करो. आमेन.