बाबांच्या इंजेक्शनची तारीख कोण लक्षात ठेवणार?

कुणी गोदामातल्या शिफ्टला निघाला असाल, कुणी अंजूरफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकला असाल. आजचा विषय घरात सहसा कुणी काढत नाही, म्हणूनच आपण काढतोय. प्रोस्टेटचा कॅन्सर, आणि त्यावरची हार्मोन थेरपी.

प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. तिचा कॅन्सर बहुतेक वेळा उतारवयात होतो. म्हणजे तुम्हाला नाही, तुमच्या बाबांना, अब्बांना, आजोबांना. मग तुम्ही का ऐकायचं? कारण घरातला मोबाईल तुमच्या हातात आहे. फाईल, रिपोर्टचे फोटो, पुढची तारीख, सगळं तुमच्याकडेच येणार.

आता हार्मोनची भानगड समजून घेऊ. पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन नावाचा हार्मोन असतो. तो मुख्यतः वृषणांत, म्हणजे अंडकोषातल्या गोट्यांत तयार होतो. थोडासा मूत्रपिंडाच्या वर बसलेल्या ग्रंथींतून येतो. प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या पेशी ह्याच हार्मोनवर पोसतात. आपल्या भिवंडीच्या भाषेत सांगतो. सूत येणं बंद झालं की माग उभा राहतो. मोडत नाही, पण चालतही नाही. हार्मोन थेरपी म्हणजे सूत बंद करणं.

हे पहिल्यांदा दाखवून दिलं शिकागोच्या चार्ल्स हगिन्स या डॉक्टरांनी, 1941 साली. त्यासाठी 1966 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. गंमत म्हणजे परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटलही 1941 सालीच सुरू झालं. म्हणजे हा काही कालपरवाचा प्रयोग नाही.

ही थेरपी सगळ्यांनाच लागते का? नाही. आजार अगदी सुरुवातीचा आणि कमी धोक्याचा असेल तर बहुधा लागत नाही. जास्त धोक्याचा असेल तर रेडिएशनच्या जोडीला काही महिने किंवा दोन-तीन वर्षं देतात. हाडांपर्यंत पसरला असेल तर साधारणपणे कायमची. आणि हे स्पष्ट ऐका: पसरलेला कॅन्सर ह्याने मुळासकट जात नाही, आटोक्यात राहतो. अनेकांचा वर्षानुवर्षं राहतो. पुढे कधीतरी तो कमी हार्मोनवरही वाढायला शिकतो, तेव्हा अबिरॅटेरॉन, एन्झाल्युटामाइड अशा गोळ्या असतात. हल्ली डॉक्टर बऱ्याच पेशंटना अशी गोळी किंवा केमो सुरुवातीलाच जोडून देतात.

सूत बंद करायचे मुख्य रस्ते दोन. पहिला, इंजेक्शन. ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन ही त्यातली नावं. महिन्याचं असतं, तीन महिन्यांचं असतं, त्याहून लांबचंही मिळतं. खर्च हजारांत जातो, आणि दर वेळी जातो. दुसरा रस्ता, ऑपरेशन. दोन्ही वृषण काढून टाकायचे. छोटं ऑपरेशन असतं, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी माणूस घरी येतो. हार्मोन काही तासांत खाली येतो. खर्च एकदाच. पण परत फिरता येत नाही.

कॅन्सर दाबण्यात दोन्ही रस्ते साधारण सारखेच. फरक कुठे? खिशात, आणि मनात. आणि इथेच घरात गडबड होते. कधी मुलगा आणि काका बाहेर उभे राहून ठरवतात, 'ऑपरेशन करून टाका, दर महिन्याला कोण जाणार?' आत बसलेल्या माणसाला कुणी विचारतच नाही. कधी उलटं होतं. बाबा लाजेने ऑपरेशन नको म्हणतात, आणि दोन इंजेक्शनांनंतर पैसे संपले की गुपचूप तारीख चुकवतात. इंजेक्शन थांबलं की हार्मोन पुन्हा वर येऊ शकतो, आणि उभा राहिलेला माग पुन्हा चालू होतो.

म्हणून आधी तीन गोष्टी विचारा. एक, दोन्ही रस्त्यांचा वर्षाचा खर्च किती. दोन, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किंवा आयुष्मान भारतमध्ये काय बसतं. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतात, त्यांना रेशनकार्ड आणि आधार दाखवून विचारा. तीन, इंजेक्शन घरापासून जवळ घेता येईल का. भिवंडीहून परळ म्हणजे आधी रिक्षा किंवा बसने ठाणे किंवा कल्याण, मग लोकल. रोजावर काम करणाऱ्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली तर जवळच्या दवाखान्यातही देता येऊ शकतं. फक्त औषध थंड ठेवावं लागतं का, हे केमिस्टला विचारा. एवढं कळलं की निर्णय बाबांना घेऊ द्या. शरीर त्यांचं आहे.

आता थेरपी सुरू झाल्यावर काय होतं? अचानक अंगातून गरम वाफा निघतात, रात्री घामाने बनियन भिजतं. थकवा येतो. इच्छा कमी होते, ताठरता जाते. वजन वाढतं, स्नायू उतरतात. चिडचिड होते, उगाच रडू येतं. घरचे म्हणतात, 'म्हातारपणी स्वभाव बिघडला.' नाही हो, हार्मोन गेलाय! आणि ह्यातलं बरंचसं घरात एका व्यक्तीला आधीच माहीत असतं. आईला. पाळी जाताना तिनेही त्या वाफा, ती चिडचिड सोसली, बहुधा कुणाला न सांगता. आईबाबांना ह्यावर एकमेकांशी बोलू द्या. आणि नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल डॉक्टरांना विचारायचं असेल तर तुम्ही जरा केबिनच्या बाहेर थांबा.

हाडं ठिसूळ होतात, शुगर आणि हृदयाचा धोका वाढतो. उपाय साधे आहेत: रोज चालणं, झेपेल तसं वजन उचलायचा व्यायाम, बिडी-तंबाखू बंद, शुगर-बीपीवर लक्ष. कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी डॉक्टरांना विचारून. हाडांची तपासणी कधी करायची तेही विचारा.

आणि एक कळकळीची विनंती. बाबा थकलेले दिसतात म्हणून ऑनलाइन किंवा रस्त्यावरच्या तंबूतून 'मर्दानी ताकदीचं' औषध आणू नका. त्यात काय असतं ह्याचा भरवसा नाही. टेस्टोस्टेरॉन वाढवणारं काही असलं, तर एका हाताने सूत बंद करायचं आणि दुसऱ्या हाताने पुरवायचं, असं होईल.

काही इंजेक्शनांनी पहिले एक-दोन आठवडे हार्मोन आधी वर जातो, मग उतरतो. म्हणून सुरुवातीला सोबत गोळ्या देतात. त्या चुकवू नका. आणि कॅन्सर हाडांत असेल, आणि अचानक पाय लुळे पडले, पाठ असह्य दुखायला लागली किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट बघू नका. त्याच क्षणी मोठ्या हॉस्पिटलला न्या. मणक्यातल्या नसेवर दाब आलेला असू शकतो, आणि तिथे तासांचा हिशोब असतो.

शेवटी, हा एपिसोड संपला की एकच काम करा. पुढच्या इंजेक्शनची तारीख आणि पीएसए तपासणीची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका. एक रिमाइंडर आठवडाभर आधीचा, पैशांची सोय करायला. दुसरा आदल्या दिवशीचा, सुट्टी मागायला. घरात असा पेशंट नसेल तर हा भाग ज्याच्या घरी आहे त्याला पाठवा. डॉक्टरांचा सल्ला तो डॉक्टरांचाच, आपण फक्त त्यांना काय विचारायचं ते सांगितलं.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, बाबांचीही.