नकाशा कोणाच्या हाती?

(हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



जंगल कोणाचे, असे पाड्यावर विचारले तर ‘आमचे’ हेच उत्तर येते. सरकारदरबारी तेवढ्याने भागत नाही. हद्द दाखवावी लागते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला आपले सामूहिक वनक्षेत्र राखण्याचा हक्क दिला. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गोंड गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर तो मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवानेही ग्रामसभेच्या हाती आले.

हद्द दाखवताना म्हातारी माणसे पुढे चालतात. हा नाला, तो देवाचा दगड, पलीकडे शेजारचे गाव. मागून पोरे मोबाइलच्या जीपीएसवर एकेक खूण नोंदवतात. वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब कायद्यात पुरावा धरले जातात. उपग्रहाचे चित्र त्याला जोड म्हणून चालते, त्याच्या जागी नाही.

अडचण पुढे येते. बाहेरचा माणूस विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशा करतो आणि निघून जातो. उद्या हद्दीचा वाद उभा राहिला की गावाकडे फक्त छापील कागद उरतो. फाइल नसते, असली तर उघडत नाही. जंगल सामाईक आणि नकाशा परक्याचा!

म्हणून क्यूजीआयएससारखे खुले सॉफ्टवेअर हवे. त्याला परवाना-शुल्क नाही. कितीही संगणकांवर घ्या, शेजारच्या गावाला द्या, जाणकाराने त्यात सुधारणाही करावी. विहिरीचे पाणी उपसले की कमी होते. हे अवजार वाटल्याने घटत नाही. मात्र खुले म्हणजे सगळेच चव्हाट्यावर, असे नव्हे. देवस्थाने, औषधी झाडांच्या जागा कोणाला दाखवायच्या, हे ग्रामसभाच ठरवील.

पहिली मंडळी आपले सर्व समाईक मानून गरजेप्रमाणे वाटून घेत असे, हे आपण प्रेषितांच्या कृत्यांत वाचतो. आपण दरवर्षी ब्लँकेटे, वह्या देता. ते चालू ठेवाच. यंदा आणखी एक मागणे आहे. चालू स्थितीतले जुने स्मार्टफोन, एखादा लॅपटॉप द्या. एका घराला नव्हे, तर ग्रामसभेच्या नावे, नोंदवहीत लिहून. ज्या तरुणांना संगणक येतो त्यांनी सुट्टीतले चार दिवस द्यावेत. नकाशा करून देऊ नका. पाड्यावरच्या दोघा-तिघांना तो करायला शिकवा. आपण परतल्यावरही काम चालू राहिले, तर सेवा झाली असे समजू या.

प्रभू आपणांस आशीर्वादित करो.