तारा जोडल्या, पण बोलणी फिसकटली

एखाद्या दुमजली कार्यालयात खालच्या आणि वरच्या मजल्यावरील संगणक दोन स्विचांनी जोडलेले असतात. या स्विचांमध्ये एकच तार असेल, तर ती तुटताच वरच्या मजल्याचे कामकाज थांबते. नागरिक दाखल्यासाठी रांगेत तिष्ठत राहतात. म्हणून चार तारा टाकून त्या एकाच मार्गाप्रमाणे वापरण्याची योजना केली जाते. मात्र तारा टाकल्या म्हणजे त्या एक होत नाहीत. त्यासाठी दोन्ही स्विचांत बोलणी होऊन संमती व्हावी लागते. या बोलण्यांची रीत, म्हणजे एलएसीपी, आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने २००० साली ८०२.३एडी या मानकाद्वारे घालून दिली. २००८ पासून ती ८०२.१एएक्स या मानकात समाविष्ट आहे.

बोलणी फिसकटली की पहिले लक्ष हिरव्या दिव्याकडे जाते. दिवा लागलेला आहे, अर्थी तार चांगली, तेव्हा स्विचच बिघडला असावा, असा निष्कर्ष निघतो आणि नव्या यंत्राची मागणी वर जाते. हा खर्च बहुधा टाळता येण्याजोगा असतो. दिवा एवढेच सांगतो की तारेतून संकेत येत आहे. संमती झाली की नाही, हे त्याला ठाऊक नसते.

स्विच प्रत्येक तारेवरून एक लहानसे निवेदन पाठवतो. त्यात स्वतःची ओळख, तारेचा गट आणि समोरच्याकडून जे ऐकले तेही असते. सक्रिय स्विच आपण होऊन बोलतो. निष्क्रिय स्विच विचारल्यावरच उत्तर देतो. दोन्हीकडे निष्क्रिय मांडणी असली, तर सोयरिकीच्या बैठकीत मुलाकडच्यांनी आणि मुलीकडच्यांनी परस्परांच्या पहिल्या शब्दाची वाट पाहत बसावे, तसे घडते. एक बाजू सक्रिय करताच प्रश्न सुटतो.

तपासणी नेहमी दोन्ही टोकांना करावी, हे तंत्रज्ञास आवर्जून सांगितले पाहिजे. पाठविलेल्या निवेदनांची संख्या वाढते, आलेल्यांची मात्र शून्यच राहते, आणि समोरच्याच्या ओळखीच्या जागी केवळ शून्ये दिसतात, तेव्हा पलीकडून काहीच येत नाही असे समजावे. कधी मध्ये तिसराच स्विच बसविलेला आढळतो. अशी निवेदने सामान्य स्विच पुढे जाऊ देत नाही, त्यामुळे ती तेथेच संपतात. तीन तारांवर एक ओळख आणि चौथीवर दुसरी दिसली, तर चौथी तार चुकून भलत्याच यंत्रात खोचलेली असते. असला दोष कपाट उघडून डोळ्यांनीच सापडतो. तारांचा वेग समान नसला, तरीही वेगळी पडलेली तार गटाबाहेर राहते.

बोलणी जमत नाहीत म्हणून एका बाजूला बोलण्यांशिवायच गट लादण्याचा मोह अनेकांना होतो. हा उपाय दुखण्याहून वाईट होय. दुसरी बाजू त्या तारा सुट्या समजते, आणि तोच संदेश जाळ्यात पुन्हा पुन्हा फिरून सबंध कार्यालय ठप्प होण्याचा धोका संभवतो.

चार तारांचा गट जमल्यावरही एक मोठी फाईल चौपट वेगाने जात नाही, अशी तक्रार येते. तो दोष नव्हे. एका संगणकाचा दुसऱ्याशी चाललेला एक व्यवहार साधारणपणे एकाच तारेने जातो. लाभ दिसतो तो अनेकांचे काम एकाच वेळी चालू असताना.

दुरुस्तीनंतर थोडा धीर धरावा. मंद गतीच्या मांडणीत निवेदन दर ३० सेकंदांनी जाते आणि ९० सेकंद काही ऐकू न आल्यावरच तार मृत मानली जाते. जलद मांडणीत हेच आकडे १ आणि ३ सेकंदांचे आहेत. तेवढा वेळ जाण्याआधीच स्विच बंद करून पुन्हा चालू केला, तर नेमका कोणता बदल लागू पडला हे कळण्यास मार्ग उरत नाही.