घंटा मुक्या होतात तेव्हा

शोकाला शब्द सापडणे कठीण. परंतु नाद सापडला, की त्याला वाट मिळते. गोमंतकातील ख्रिस्ती समाजाने ही वाट फार जाणतेपणाने आखली आहे.

उपवासकाळाच्या अखेरीस, पवित्र गुरुवारच्या मिस्सेत ‘ग्लोरिया’ गाइला जातो आणि त्यानंतर चर्चच्या घंटा मुक्या होतात. जिने गावाचे दिवस मोजावे, तिनेच मौन धरावे! तिच्या जागी मात्राका वाजते. लाकडावर लाकूड आपटल्याचा तो कोरडा खडखडाट. त्यात गोडवा नाही, घुमारा नाही. घरातले माणूस गेल्यावर जग असेच रुक्ष भासते.

मग मोतेत ऐकू येतात. गोव्याच्याच संगीतकारांनी लॅटिन व कोंकणी शब्दांवर रचलेली ही गीते मोजके गायक व्हायोलिन, क्लॅरिनेटच्या साथीने गातात. हीच कथा फादर स्टीफन्स यांनी १६१६ च्या ‘ख्रिस्तपुराणा’त मराठी ओवीतून सांगितली होती. गीत ख्रिस्ताच्या दुःखभोगाचे. परंतु ऐकणाऱ्या मातेला त्यात आपला गेलेला मुलगाही आठवतो. कामाच्या रगाड्यात आणि सांत्वनाच्या गर्दीत अडलेले तिचे अश्रू येथे वाहू शकतात. ‘रडू नकोस’ असे तिला येथे कोणी म्हणत नाही.

शनिवारी रात्री, ईस्टरच्या जागरणात, ‘ग्लोरिया’बरोबर घंटा पुन्हा वाजू लागतात. गेलेले माणूस घरी परतत नाही. तरी त्या मौनानंतरचा तो नाद ऐकताना आठवण एकट्याची राहत नाही; ती साऱ्या गावाची होते.