स्वस्त डुबकीचं बिल



मालवणच्या माणसाला माळव्यात बोलावून पर्यटनाच्या मेळाव्याचं अध्यक्षपद द्यायचं, हे धाडस तुमचं. आणि त्या माणसानं मोहनखेड्यात उभं राहून समुद्रावर बोलायचं, हे धाडस माझं. आचार्य राजेंद्रसूरींची समाधी असलेलं हे जैन तीर्थ. अभिधान राजेंद्र कोशाचे सात खंड ज्यांच्या हातून घडले, त्यांच्या दारात मासेमारीबद्दल बोलताना जीभ जपूनच चालवावी लागणार. तेव्हा आधीच सांगून टाकतो, आज मी मासा ताटात आणणार नाही, पाण्यातच ठेवणार आहे.

हा विषय मी इथं का काढला, ते मालवणजवळच्या तारकर्लीच्या रस्त्यावर नाताळात उभं राहिलं की कळतं. कोल्हापूर-पुण्याच्या गाड्या आम्हाला सवयीच्या. अलीकडे त्यांच्यामधून एमपी ०९, एमपी ११, एमपी ४१ अशा नंबरप्लेटा वाट काढत असतात. अठराव्या शतकात पवारांबरोबर धार-देवासला आलेल्या घराण्यांची आजची पिढी सुटीत कोकणात उतरते, सोलकढी पिते, सिंधुदुर्ग किल्ला बघते आणि परत निघण्याआधी ‘स्कूबा’ करते. ही बुकिंगं कोण करतं? या सभागृहातली निम्मी मंडळी. म्हणून बोलायचं ते तुमच्याशीच.

समुद्र माळव्याला परका नाही. इथून कुक्षीच्या बाजूला बाघ आहे. आपण ते लेण्यांसाठी आणि ठशांच्या कापडासाठी ओळखतो, भूगर्भशास्त्रज्ञ समुद्रासाठी ओळखतात. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी आजच्या नर्मदा खोऱ्यात पश्चिमेकडून समुद्राचा एक फाटा आत शिरला होता. त्यानं मागे ठेवलेल्या चुनखडीत कालवं, शंख, सागरी अर्चिन, शार्कचे दात आजही सापडतात. त्यानंतरच्या थरांत डायनोसोरची अंडी आहेत. पाडल्या गावात हे गोल दगड पिढ्यान्‌पिढ्या काकड भैरव म्हणून पुजले जात होते आणि शेतीची, गुराढोरांची राखण तेच करतात अशी श्रद्धा होती. २०२३ च्या अखेरीस ही बातमी आली तेव्हा पुष्कळांना हसू आलं. मला नाही आलं. आमच्याकडे मालवणात मोरयाचा धोंडा आहे. सिंधुदुर्गाचं काम सुरू करण्याआधी, १६६४ साली, महाराजांनी तिथं पूजा केली असं मानतात. त्या खडकाला पहारेकरी लागत नाही. गावाला जे आपलं वाटतं ते गाव सांभाळतं. मालवणच्या प्रवाळाचं दुखणं नेमकं हेच आहे, की ते आपलं आहे असं कुणाला वाटावं याची सोयच झाली नाही.

आधी प्रवाळाबद्दल थोडं. तुमच्या बोटातलं मंगळाचं पोवळं बहुधा भूमध्य समुद्राकडचं, त्याचा आमच्या किनाऱ्याशी संबंध नाही. मालवणचं प्रवाळ लक्षद्वीपसारखंही नाही. लक्षद्वीपची बेटंच प्रवाळाची बनलेली. आमच्याकडे पाण्यात बुडालेल्या खडकांना, म्हणजे खडपांना, धरून वाढलेल्या वसाहती आहेत. पावसाळ्यात नद्या गाळ ओततात, पाणी चहासारखं होतं. अशा पाण्यात टिकणाऱ्या जाती इथं दिसतात, पोराइट्स किंवा टर्बिनारियासारख्या. गोळ्यासारखं वाढणारं पोराइट्स वर्षाला सेंटिमीटरभर वाढतं. फुटबॉलएवढं व्हायला दहा-बारा वर्षं लागतात. अंगावर गाळ बसला तर हा बारीकसा प्राणी बुळबुळीत स्राव सोडून तो झटकतो, पण त्यात त्याची ताकद खर्च होते. वर्षातले चार महिने निसर्गाच्या गाळाशी झगडून झालं, की उरलेल्या आठ महिन्यांत पर्यटकांच्या पायांनी उडवलेल्या गाळाशी झगडायचं. त्याला सुटी नाही.

कायदा म्हणाल तर कडक आहे. १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा ३.१८ चौरस किलोमीटरचा, सिंधुदुर्ग आणि पद्मगडाच्या आसपासचा. २००१ मध्ये प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात गेलं, म्हणजे कागदावर ते वाघाच्या पंगतीला बसलं. पण रापणीचं जाळं ओढणाऱ्या माणसाच्या कानावर ‘अभयारण्य’ पडलं ते मनाईच्या रूपात. उद्या आपली होडी बंद होणार, एवढंच त्याला समजलं, आणि त्यानं विरोध केला. मी त्याला दोष देत नाही. पर्ससीन नेट आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीनं त्याचा समुद्र उपसला जात असताना त्यालाच नियम शिकवायला जाणं, हे काही शहाणपणाचं नव्हतं.

मग पर्यटन आलं. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा झाला. २०११ नंतर संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीनं या किनाऱ्यावर जैवविविधतेचा प्रकल्प चालला. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांच्या पुढाकारानं तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था उभी राहिली. कोळ्यांची, गाबितांची मुलं पाण्याखालचे गाइड झाली. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः वल्हं मारून कांदळवनाची सफर घडवू लागल्या. मला या सगळ्यात ही सफर सर्वांत आवडते. होडी त्यांची, वल्हं त्यांचं, माहिती त्या देणार आणि पैसेही त्यांच्याच हातात. इंजिन नाही, घाई नाही.

स्कूबाचं तसं राहिलं नाही. ते का, ते जरा तपशिलात सांगतो, कारण दोष पर्यटकाचा नाही, बोटवाल्याचा फारसा नाही, दोष दराचा आहे.

इंदूरमध्ये पॅकेज विकताना शेजारच्या दुकानदारापेक्षा पाचशे रुपये कमी दाखवायचे असतात. हॉटेल दर सोडत नाही, गाडीवाला डिझेलचा भाव दाखवतो. मग कात्री लागते ती डुबकीला. पुढं तर जाहिरातीत ‘स्कूबा फुकट’ असंच छापून येतं. फुकट काही नसतं हे आपण धंदेवाईक माणसं जाणतो. आमच्याकडचा एक बोटवाला मला म्हणाला, “दर कमी करा म्हणतत सगळे, डिझेल कोण कमी करतलो?” तो मग काय करतो, बघा. दिवसाच्या फेऱ्या वाढवतो. माणूस पाण्याखाली राहायचा तो वेळ कमी करतो. पाण्यात उतरण्याआधी पंधरा मिनिटं समजावून सांगायचं, काय करायचं, कशाला हात लावायचा नाही, ते दोन मिनिटांत उरकतो. घाबरलेला पर्यटक आधारासाठी समोर दिसेल ते धरतो, आणि समोर प्रवाळ असतं. गिऱ्हाइकाला व्हिडिओत मासे हवेतच, म्हणून पावाचे तुकडे टाकून मासे बोलावले जातात. खडकावरचं शेवाळ खाऊन तो स्वच्छ ठेवणारा मासा पावाच्या नादी लागला, की शेवाळ वाढतं आणि प्रवाळाच्या बाळांना बसायला जागा उरत नाही.

आणि नांगर. बोट उभी करायला नांगर टाकला, तो खडपात अडकला, तर खडप तुटून तो निघेपर्यंत ओढतात. नांगरापेक्षा साखळी वाईट. वाऱ्यानं बोट फिरते तशी साखळी तळावर वर्तुळ काढत फिरते आणि त्या वर्तुळात काही उभं राहत नाही. याला उपाय साधा आहे, तळाशी पक्कं अँकर ठोकून वर तरंगता बोया ठेवायचा, बोटीनं त्याला दोरी बांधायची. बोया बसवायला आणि दरवर्षी पावसाळ्यानंतर दुरुस्त करायला पैसे लागतात. ते डुबकीच्या दरातून यायला हवेत. दरातच ते नसतील तर येणार कुठून? आपण वाचवलेल्या पाचशे रुपयांचं बिल खडपावर फाडलं जातं.

यात माणसांचाही जीव आहे. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाला गेलेल्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. हंगामाच्या शेवटी समुद्र खवळायला लागला असताना फेरी रद्द करायची, तर त्या दिवसाची कमाई सोडावी लागते. हातावर पोट असलेल्याला ते परवडण्याइतका दर आपण देतो का, हा प्रश्न अपघाताच्या चौकशीत कधी येत नाही.

दुसऱ्यांनी हे कसं सोडवलं? फिलिपाइन्समध्ये अपो नावाचं छोटं बेट आहे, वस्ती कोळ्यांची. तिथं सिलिमन विद्यापीठाच्या अँजेल अल्काला यांनी १९८२ मध्ये गावकऱ्यांना पटवून बेटाजवळचा थोडासा भाग मासेमारीला बंद केला. हुकूम वरून आला नव्हता, गावकरी स्वतः पहारा द्यायचे. काही वर्षांत बंद भागाच्या बाहेरही मासळी वाढली. मागोमाग डुबकीवाले पर्यटक आले, त्यांच्याकडून शुल्क घेतलं जाऊ लागलं. २०११ आणि २०१२ च्या वादळांनी त्या राखीव भागाचं प्रचंड नुकसान केलं, तरी राखण सुटली नाही, कारण ती गावाची सवय झाली होती. कॅरिबियनमधल्या बोनेअरनं तर प्रवाळावर नांगर टाकायलाच बंदी केली, बोये लावले, आणि १९९२ पासून प्रत्येक डुबकीवाल्याकडून शुल्क घेऊन सागरी उद्यान चालवलं. पर्यटक पळाले नाहीत. आपल्या देशातलं उदाहरण हवं असेल तर अंदमानात वंडूरहून जॉली बॉय बेटावर जाऊन या. ते वर्षातले काही महिनेच खुलं असतं, एरवी बोटी रेडस्किनकडे वळवतात, आणि जेटीवर तुमचं प्लास्टिक मोजून घेतात. माळव्यातली माणसं तिथं मुकाट रांगेत उभी राहतात, मी बघितलं आहे. मालवणात मात्र तीच माणसं घासाघीस करतात, कारण आपणच त्यांना तशी सवय लावली.

राज्य सरकारनं केंद्राच्या मदतीनं नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका निवती रॉकजवळ पाण्याखाली बसवून तिथं पर्यटन सुरू करायची योजना हाती घेतली. तिच्या अंगावर समुद्री जीव वसतील, खऱ्या खडपांवरची गर्दी थोडी हलेल, हे मला पटतं. पण तिथं पर्यटकांना नेणाऱ्या बोटींचे परवाने कुणाला मिळणार यावर माझं मत ठरेल. ते निवती, भोगवे, मालवणच्या मच्छीमार सोसायट्यांकडे गेले तर उत्तम. मुंबईच्या कंपनीकडे गेले, तर आमची मुलं पुन्हा पगारी गाइड, आणि समुद्र पुन्हा दुसऱ्याचा.

डुबकी नीट केली म्हणजे प्रवाळ वाचलंच, असं मात्र मी म्हणणार नाही. पाणी नेहमीपेक्षा अंशभर जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळाच्या पेशींत राहून त्याला अन्न पुरवणारं शेवाळ बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं होतं. लक्षद्वीपनं हे १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ मध्ये भोगलं. त्याला इंदूरचा एजंट काय करणार? एवढंच, की तापानं अशक्त झालेल्या प्रवाळावर वरून साखळी फिरू नये.

म्हणून दुपारच्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. आपल्या कुठल्याही जाहिरातीत ‘स्कूबा फुकट’ छापायचं नाही. डुबकीचा दर पॅकेजमध्ये वेगळा दाखवायचा आणि त्यातली ठरलेली रक्कम स्थानिक मच्छीमार सोसायटीकडे बोयांसाठी थेट जमा करायची, पावतीसकट. नांगर टाकणाऱ्या आणि पाव टाकणाऱ्या बोटीला बुकिंग द्यायचं नाही. रकमेचा आकडा मी मुद्दाम ठरावात घातलेला नाही. तो मालवणच्या सोसायट्यांच्या प्रतिनिधींनी सांगावा, ते आज मागच्या रांगेत बसले आहेत. तुम्हाला तो जास्त वाटला तर त्यांच्याशी तोंडावर घासाघीस करा. फक्त चर्चेला येण्याआधी आपापल्या गेल्या हंगामातल्या पॅकेजचा हिशोब बरोबर घेऊन या, आणि त्यात बोटवाल्याच्या नावापुढं किती रुपये लिहिले होते, ते सभागृहात वाचून दाखवा.